डीऑक्सिरायबोन्यूक्लेइक ॲसिड: शब्द कुठे तोडायचा, जोर कुठे द्यायचा?

अनुराधा_ज

नमस्कार मंडळी.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली असतात. विषय त्यांना नीट कळतो. डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींभोवती कशा वळतात, ॲडेनिनसमोर थायमिनच का येतं, हे ती फळ्यावर आकृती काढून व्यवस्थित सांगतात. पण तोंडी परीक्षेत ‘डीएनएचं पूर्ण नाव सांग’ म्हटलं की आवाज एकदम खाली जातो. पहिला तुकडा कसाबसा बाहेर येतो आणि पुढचं सगळं तोंडातल्या तोंडात राहतं.

माझ्या कानावर येणारे प्रकार साधारण असे: ‘डायऑक्सिरिबोन्यूक्लिक’, ‘डिओक्सीरायबोन्यूक्लिक’, आणि घाईत ‘डॉक्सिरिबोन्यूक्लिक’. शेवटी ‘न्यूक्लिक’ तर बहुतेक सगळेच म्हणतात, आम्ही शिक्षकही.

मुलांचा उच्चार लंडनच्या बातमीदारासारखा व्हावा अशी माझी अजिबात अपेक्षा नाही. मराठी वळणाचं इंग्रजी मला चालतं. पण शब्दाचा एकही तुकडा गळू नये, अर्थ बदलू नये, आणि पोरांनी तो न घाबरता एका दमात म्हणावा असं मनापासून वाटतं. म्हणून विचारते: या शब्दात सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात म्हटले जाणारे तुकडे, किती? तो तोडायचा कुठे? आणि जोर कशावर?

शब्दपारखी

अनुराधाताई, फार चांगला प्रश्न. सविस्तर लिहितो.

‘ॲसिड’ बाजूला ठेवलं तर शब्दात आठ सिलॅबल आहेत: डी - ऑक् - सि - राय - बो - न्यू - क्ले - इक्. सिलॅबल मोजायची सोपी खूण म्हणजे कानाला ऐकू येणारे स्वर मोजायचे. ई, ऑ, इ, आय, ओ, ऊ, ए, इ. आठ स्वर, आठ सिलॅबल. ‘राय’मधला आय हा जोडस्वर आहे, तो एकच धरायचा.

तोडायचं कुठे, यात आपली खरी अडचण लिपीमुळे होते. देवनागरीत आपण हा शब्द ‘डी-ऑ-क्सि’ असा पाहतो, कारण जोडाक्षर एकत्र लिहिलं जातं आणि पुढच्या स्वराला चिकटतं. मुलं लिहिल्याप्रमाणे तोडतात. मग ‘ऑ’ उघडा पडतो, लांबतो, त्याचा ‘ओ’ होतो, आणि ‘क्सि’ म्हणताना जीभ अडखळते. बोलताना मात्र क् हा आधीच्या ऑ-ला बांधलेला असतो: ऑक्, आणि मग सि.

इंग्रजीत याचा एक ढोबळ नियम आहे. दोन स्वरांच्या मध्ये व्यंजनं आली तर जमतील तितकी पुढच्या सिलॅबलला द्यायची, पण अट अशी की त्या व्यंजनांनी एखादा इंग्रजी शब्द सुरू होऊ शकला पाहिजे. ‘क्ल’ने क्लब, क्लास, क्लीन असे शब्द सुरू होतात, म्हणून न्यू-क्ले, ‘न्यूक्-ले’ नाही. ‘क्स’ या उच्चाराने मात्र इंग्रजी शब्द सुरू होत नाही. झायलोफोनच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एक्स असला तरी तोंडातून झ निघतो. म्हणून तिथे ऑक्-सि अशी फोड. आपल्याकडे क्षण, क्षमा, क्षेत्र असे शब्द रोजचे असल्यामुळे शब्दाच्या आरंभी क आणि त्याला चिकटलेला श-षसारखा ध्वनी आपल्याला खटकत नाही, आणि नेमकं तिथेच आपण फसतो.

रेणू_शोधक

उच्चारावर जाणकार लिहितीलच. मी रसायनशास्त्राच्या बाजूने एक गोष्ट ठासून सांगतो, कारण तिथे उच्चार चुकला की रेणूच बदलतो.

‘डी’च्या जागी ‘डाय’ म्हणू देऊ नका. ‘डाय’ म्हणजे दोन: कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे दोन अणू असतात. ‘डी’ म्हणजे काढून टाकलेला. रायबोज या साखरेत दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी असते. डीऑक्सिरायबोजमध्ये त्या जागी नुसता हायड्रोजन उरतो, ऑक्सिजन गेलेला असतो. आरएनए, म्हणजे रायबोज साखर असलेला डीएनएचा भाऊबंद रेणू, आणि डीएनए यांच्या साखरेतला फरक तो एवढाच, आणि डीएनए आरएनएपेक्षा टिकाऊ असण्यामागे त्या गेलेल्या ऑक्सिजनचा मोठा हात आहे. म्हणजे नावातला पहिलाच सिलॅबल रेणूची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. मुलांना हे एकदा आकृतीवर दाखवलंत की ‘डाय’ आपोआप सुटेल.

जुन्या शोधनिबंधांत हा शब्द थोडा वेगळा दिसतो. ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ साली जिवाणूंमधला आनुवंशिक बदल याच पदार्थामुळे होतो हे दाखवलं, तेव्हा त्यांनी ‘डेसॉक्सिरायबोन्यूक्लेइक’ असं लिहिलं होतं, मध्ये स घालून. डीएनएची रचना मांडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांच्या एप्रिल १९५३ च्या निबंधाच्या शीर्षकात ‘डीऑक्सिरायबोज न्यूक्लेइक ॲसिड’ अशी सुटी सुटी फोड आहे. मला ती वर्गात फार उपयोगी वाटते. साखरेचं नाव आधी, आम्लाचं नाव नंतर. दोन ओळखीचे शब्द जोडायचे आहेत हे कळलं की लांबीची भीती जाते.

ट्युबिंगनकर

रेणू_शोधक, तो स जर्मनमध्ये अजूनही आहे. इथे पूर्ण नाव ‘डेसॉक्सिरिबोन्युक्लेईनझॉयरं’ असं घेतात, आणि त्याचं जर्मन लघुरूप डीएनएस, कारण आम्लाला जर्मनमध्ये ‘झॉयरं’ म्हणतात आणि त्याचं स्पेलिंग एसने सुरू होतं. प्रयोगशाळेत मात्र आता डीएनए हेच जास्त ऐकू येतं. फ्रेंचमध्येही स टिकून आहे.

मी जर्मनीतल्या ज्या ट्युबिंगन गावात राहते तिथेच या शब्दाचा उत्तरार्ध जन्मला, म्हणून लिहावंसं वाटलं. १८६९ साली फ्रीडरिश मीशर इथल्या किल्ल्याच्या जुन्या मुदपाकखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करत होता. रुग्णालयातून आणलेल्या जखमांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन तो पांढऱ्या पेशी मिळवायचा. त्यांच्या केंद्रकातून त्याला एक फॉस्फरसयुक्त पदार्थ मिळाला, त्याला त्याने ‘नुक्लेईन’ नाव दिलं. पुढे १८८९ मध्ये रिचर्ड आल्टमानने त्याला आम्ल म्हटलं, आणि तिथून आजचं नाव आलं.

अनुराधाताईंच्या प्रश्नाशी संबंध असा की ‘नुक्लेईन’मध्ये ए आणि ई हे दोन स्वर पहिल्यापासून वेगवेगळे म्हटले जातात. नुक्-ले-ईन किंवा नु-क्ले-ईन, कसंही तोडा, तीन सिलॅबल होतात. इंग्रजीतला ‘न्यूक्लेइक’ त्याच घरातला. ‘न्यूक्लिक’ म्हटलं की एक सिलॅबल गेला, आठाचे सात झाले.

प्रकाश_मास्तर

इंग्रजी शिकवून निवृत्त झालोय. जोराबद्दल कोणी अजून लिहिलं नाही म्हणून लिहितो.

अनुराधाताई, मुलांना एकच नियम द्या: ज्या इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘इक’ आहे, त्याचा जोर ‘इक’च्या लगेच आधीच्या सिलॅबलवर येतो. तुमच्या विज्ञानातलीच उदाहरणं घ्या. ‘फॉस्फरस’ म्हणताना जोर पहिल्या फॉस्-वर, पण ‘फॉस्फॉरिक’ म्हणताना तो उडी मारून दुसऱ्या फॉ-वर जातो. ‘सल्फर’ म्हणताना सल्-वर, ‘सल्फ्युरिक’मध्ये फ्यु-वर. ‘ॲटम’मध्ये ॲ-वर, ‘ॲटॉमिक’मध्ये टॉ-वर. अगदी तसंच, ‘न्यूक्लियस’ म्हणताना जोर न्यू-वर असतो आणि ‘न्यूक्लेइक’ म्हणताना क्ले-वर येतो.

आता बघा, क्ले-वर जोर दिला की तो स्वर गिळता येतच नाही. ‘न्यूक्लिक’ म्हणणारा माणूस खरं तर न्यू-वर जोर देत असतो आणि पुढचं आवरून टाकत असतो. जोर बरोबर पडला की सिलॅबल आपोआप वाचतो. म्हणून मी आधी जोर शिकवतो आणि मग तोडणं.

नियमाला अपवाद आहेत: अरिथमॅटिक, कॅथलिक, ॲरबिक, लूनटिक. पण रसायनशास्त्रातला एक अपवाद तर नियमच पक्का करतो. ‘आर्सेनिक’ हे मूलद्रव्य म्हणताना जोर पहिल्या आर्-वर असतो. तोच शब्द विशेषण म्हणून ‘आर्सेनिक ॲसिड’मध्ये आला की जोर से-वर सरकतो.

सायली_क

मास्तर, आर्सेनिकचं माहीतच नव्हतं. धन्यवाद!

वृत्तवेल्हाळ

शब्दपारखींनी लिपीचा मुद्दा मांडला तो अगदी पटला, पण एक भर घालतो. मराठी माणसाला ही फोड नवीन नाही. वृत्तात आपण तेच करतो.

लघुगुरूचा नियम आठवा: जोडाक्षराच्या आधीचं अक्षर ऱ्हस्व असलं तरी गुरू धरायचं. पाणिनीचं सूत्र आहे, ‘संयोगे गुरु’. का धरायचं? कारण जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन बोलताना मागच्या अक्षरात जाऊन बसतं आणि त्याला वजन देतं. वेदांच्या उच्चाराचे नियम सांगणाऱ्या प्रातिशाख्यांत तर स्पष्टच आहे की संयोगातलं पहिलं व्यंजन आधीच्या स्वराचं अंग मानायचं. मनाच्या श्लोकांचं वृत्त भुजंगप्रयात. त्यात ‘सज्जना’ हा शब्द आपण कसा म्हणतो? सज्-ज-ना. ‘भक्ति’ कसा? भक्-ति. लिहिताना स-ज्ज-ना, भ-क्ति. म्हणताना आपोआप बरोबर तुटतो. मुलांनी हे श्लोक पाठ केलेले असतात. त्यांना ‘भक्-ति’ म्हणायला सांगा आणि लगेच ‘ऑक्-सि’. काम झालं.

आपल्याकडे या नियमाला जे अपवाद आहेत तेही हेच सांगतात. ‘विद्या’मध्ये वि गुरू, कारण विद्-द्या असा आघात पडतो. ‘तुझ्या’मध्ये तु लघूच राहतो, कारण तिथे आघात पडत नाही. ‘कुऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ यांचंही तसंच. म्हणजे लिहिलेलं जोडाक्षर बघून चालत नाही, कानाने ठरवावं लागतं. आपली परंपरा कानाची आहे.

मग या शब्दाचा लगक्रम, म्हणजे लघू (ल) आणि गुरू (गा) यांचा क्रम, लावून बघू. डी गा, ऑक् गा, सि ल, राय गा, बो गा, न्यू गा, क्ले गा, इक् गा. आठात एकच लघू. म्हणून हा शब्द इतका जड वाटतो! सि हलका सोडा, बाकीचे सावकाश म्हणा.

शब्दपारखी

वृत्तवेल्हाळ, ‘सज्-ज-ना’ आणि ‘ऑक्-सि’ ही जोडी मी आता सगळ्यांना सांगत सुटणार आहे. तोडण्यासाठी याहून चांगली पायरी नाही.

पण लगक्रम जोरासाठी वापरू नका एवढी विनंती. गुरुत्व आणि जोर या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या हिशोबात सात गुरू येतात. सातही सारख्या वजनाने म्हटले तर इंग्रजी कानाला शब्द ओळखू येणार नाही, कारण इंग्रजीत एक-दोन सिलॅबल ठळक असतात आणि बाकीचे त्यांच्या मागून पळतात. मराठीत जोराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळी अक्षरं साधारण सारखी म्हणतो. या शब्दात ‘ऑक्’ आणि ‘क्ले’ ठळक असतात. काही कोश ‘राय’लाही हलका जोर दाखवतात. आणि पूर्ण नाव ‘ॲसिड’सकट घेतलं तर सगळ्यात ठळक जागा ‘ॲसिड’च्या ॲ-ची. बो आणि न्यू यांना लघूच समजून पळवलं तरी चालेल, लगक्रमात ते कितीही गुरू असोत.

वृत्तवेल्हाळ

जोराचं मान्य, पण पळवायला मुलांना इतक्यात सांगू नये असं माझं मत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने आठही अक्षरं स्वच्छ म्हटली तर कोणीही समजून घेईल. पळवायला सांगितलं की पुन्हा ‘न्यूक्लिक’ सुरू. आधी पूर्णपणा, चाल नंतर.

गौरी_न्यूजर्सी

इथे प्राथमिक शाळेत मुलांना सिलॅबल टाळ्या वाजवून शिकवतात. माझी मुलगी पहिलीत असताना घरभर टाळ्या वाजवत फिरायची. डायनोसॉर, तीन टाळ्या. मोठ्या मुलांनाही ते लाजिरवाणं वाटत नाही, सगळा वर्ग एकदम करत असेल तर.

मात्र एका गोष्टीवर विचारायचं आहे. इथे सर्रास ‘नूक्लीइक’ ऐकू येतं, न्यू नाही आणि क्लेही नाही. आजकाल मुलं सगळे व्हिडिओ अमेरिकन बघतात. तुम्ही ‘क्लेइक’ शिकवलंत आणि व्हिडिओत ‘क्लीइक’ आलं तर मुलं गोंधळणार नाहीत का?

शब्दपारखी

गौरी, दोन्ही उच्चार कोशांमध्ये आहेत, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही. ब्रिटनमध्ये क्ले जास्त, अमेरिकेत क्ली जास्त, एवढंच. न्यू-नूचंही तसंच, जसं ते ‘न्यूज’-‘नूज’ म्हणतात.

तरी मराठी मुलांसाठी मी ‘क्लेइक’च सुचवेन, आणि त्याचं कारण आपल्या भाषेत आहे. ‘क्लीइक’मध्ये ई आणि इ लागोपाठ येतात. हे दोन स्वर मराठी तोंडात लगेच मिसळतात आणि ‘क्लिक’ होतो. ‘क्लेइक’मध्ये ए नंतर इ. हे आपण दिवसभर म्हणतो: येईल, घेईल, देईन, नेईन. मराठीला दोन स्वर शेजारी शेजारी ठेवायची चांगली सवय आहे. पाऊस, देऊळ, जाऊ, आई. ‘घेईल’ म्हणू शकणारं मूल ‘क्लेइक’ म्हणू शकतं. ऐकताना दोन्ही ओळखायचे, बोलताना एकावर ठाम राहायचं.

अनुराधा_ज

घेईल-क्लेइक! हे उद्याच वापरते.

आता एक व्यावहारिक शंका. मी कोश उघडून बघितला तर मेरियम-वेबस्टरमध्ये मुख्य नोंदीत ठिपके देऊन शब्द तोडलाय, पण ‘ऑक्सि’ सलग आहे, मध्ये ठिपका नाही. उच्चाराच्या ओळीत मात्र ऑक् आणि सि वेगळे दिसतात. मग सिलॅबल सात की आठ? मुलं कोश दाखवून वाद घालतात.

कोशवेडी

अनुराधाताई, हा गोंधळ फार जणांचा होतो, म्हणून नीट सांगते.

मुख्य नोंदीतले ते ठिपके सिलॅबलचे नसतातच. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर संयोगचिन्ह देऊन तो कुठे मोडायचा, हे ते सांगतात. ती छापखान्याची सोय. एकच रोमन अक्षर ओळीच्या टोकाला एकटं राहू नये असा त्यांचा दंडक असतो, म्हणून त्याच कोशात ‘अबाउट’ या शब्दाच्या मुख्य नोंदीत एकही ठिपका नाही, जरी उच्चारात स्वच्छ दोन सिलॅबल आहेत. ‘ऑक्सि’मधल्या शेवटच्या वायचंही हेच. सिलॅबल हवे असतील तर उच्चाराची ओळ वाचायची.

त्यातही ब्रिटिश आणि अमेरिकन छपाईची रीत वेगळी. अमेरिकन मंडळी उच्चाराकडे बघून मोडतात, ब्रिटिश परंपरेत शब्द कशापासून बनला याला मान जास्त. ‘फोटोग्राफी’ ब्रिटिश पद्धतीत ‘फोटो’नंतर मोडेल, अमेरिकन पद्धतीत ‘फोटॉग’नंतर. परीक्षेत मुलाने यातला कोणताही एक वापरला म्हणून गुण कापू नयेत असं मला कळकळीने वाटतं.

आणि उच्चाराच्या ओळीतही कोशांचं एकमत नसतं. साधा ‘ॲसिड’ घ्या. काही कोश ॲ-सिड तोडतात, काही ॲस्-इड. दुसऱ्या गटाचं म्हणणं असं की ॲ, ऑ, ऱ्हस्व इ असे इंग्रजी स्वर जोर असताना उघडे राहू शकत नाहीत, त्यांना मागून व्यंजनाचा टेकू लागतो. ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी आपल्या उच्चारकोशात हेच तत्त्व पाळलं आहे: दोन सिलॅबलांमधलं व्यंजन ज्या सिलॅबलवर जोर जास्त त्याच्याकडे जातं. शब्दपारखींनी वर दिलेला ‘पुढच्याला द्या’ हा नियम याच्या बरोबर उलट बोट दाखवतो. दोन्ही बाजूंना अभ्यासक आहेत आणि वाद मिटलेला नाही.

शब्दपारखी

कोशवेडींशी पूर्ण सहमत. सिलॅबल किती यावर वाद क्वचित होतो, त्यांच्या सीमा कुठे यावर कायम होतो. मुलांना पहिलं विचारा, दुसऱ्यावरून अडवू नका.

मिलिंद_सातारा

बारावीला आहे. मला ‘रिबो’ की ‘रायबो’ ते कोणी सांगाल का? आमच्या क्लासला सर रिबोझोम म्हणतात आणि पुस्तकात रायबोसोम आहे.

प्रकाश_मास्तर

मिलिंद, बाळा, रायबो म्हण. तोडणं आणि स्वर यांचा इथे सरळ संबंध आहे. इंग्रजीत सिलॅबल स्वरावर संपला तर तो स्वर बहुधा आपल्या नावाने बोलतो: आय हे रोमन अक्षर ‘आय’ म्हणूनच. फाय-नल, टाय-गर, राय-बो. सिलॅबल व्यंजनाने बंद झाला तर स्वर आखूड होतो. केसांना बांधायची रिबन बघ, तिच्या स्पेलिंगमध्ये दोन बी आहेत, पहिला बी दार बंद करतो, म्हणून रिब्. रायबोजमध्ये एकच बी आहे आणि तो पुढे बो-कडे जातो. रि उघडा राहिला, म्हणून राय. हा कल आहे, कायदा नाही. ‘सिटी’, ‘लिमिट’ हे शब्द तो पाळत नाहीत. पण राय-बो-फ्लेविन, राय-बो-सोम, राय-बोज हे सगळं कुटुंब पाळतं.

रेणू_शोधक

मास्तरांना जोड म्हणून एक गंमतीची माहिती. ‘रायबोज’ हा शब्द ग्रीक-लॅटिनमधून आलेला नाही. ‘अरॅबिनोज’ नावाची साखर आधी माहीत होती, तिचं नाव अरबी डिंकावरून पडलं होतं. १८९१ साली एमिल फिशर आणि पिलोटी यांनी तिच्यापासून एक वेगळी साखर बनवली आणि नावासाठी त्याच शब्दातली काही अक्षरं उलटसुलट केली. पुढे फीबस लेव्हीन यांनी १९०९ मध्ये ही साखर न्यूक्लेइक आम्लात ओळखली आणि १९२९ मध्ये डीऑक्सिरायबोज. तेव्हा राय आणि बो यांना सुटा सुटा अर्थ नाही. मुलं अर्थ लावत बसली तर सांगा, इथे नुसता नाद लक्षात ठेवायचा.

नीलिमा_वाचनालय

एक वेगळा विचार मांडू का? ‘न्यूक्लिक आम्ल’ हे मराठी पुस्तकांत, वर्तमानपत्रांत सगळीकडे रुळलेलं आहे. मराठीत शब्द आला की तो मराठीच्या जिभेप्रमाणे बदलणारच, ‘हॉस्पिटल’चं इस्पितळ झालंच की. मराठीत बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या माणसाला ‘न्यूक्लेइक’ म्हणायला लावणं मला पटत नाही.

अनुराधा_ज

नीलिमाताई, मराठीत बोलताना न्यूक्लिक आम्ल म्हणायला माझी काहीच हरकत नाही. माझी काळजी ही पोरं पुढे जिथे जातील तिथली आहे. वैद्यकीयला, संशोधनाला, परदेशी. तिथे तोंडी परीक्षा इंग्रजीत असते आणि समोरचा माणूस पहिल्या दोन वाक्यांत मत बनवतो. विषय येत असून शब्दामुळे मागे पडलेली मुलं मी पाहिली आहेत. मला ते सहन होत नाही.

नीलिमा_वाचनालय

हे मात्र खरं आहे. तरी मराठी लेखनात बदल करू नये या मतावर मी ठाम.

ट्युबिंगनकर

सराव कसा घ्यायचा यावर थोडं. मला जर्मन शिकवताना बाईंनी लांब शब्द मागून बांधायला शिकवलं होतं. पुढून सुरुवात केली की दम शेवटी संपतो, आणि नेमका शेवटच कच्चा राहतो. मागून बांधलं की शेवट सगळ्यात जास्त वेळा म्हटला जातो.

इक्.
क्लेइक्.
न्यूक्लेइक्.
बोन्यूक्लेइक्.
रायबोन्यूक्लेइक्.
सिरायबोन्यूक्लेइक्.
ऑक्सिरायबोन्यूक्लेइक्.
डीऑक्सिरायबोन्यूक्लेइक्.

प्रत्येक ओळीत क्ले ठळक ठेवायचा. पाचव्या ओळीला थांबून मुलांना सांगायचं की हे आरएनएचं पूर्ण नाव झालं, शेवटी ॲसिड लावलं की संपलं. मग पुढच्या तीन तुकड्यांनी त्याचं डीएनए होतं.

वृत्तवेल्हाळ

वा! पाचव्या पायरीवर आरएनए. हे अप्रतिम आहे.

अनुराधा_ज

आज वर्गात घेतलं. आधी ‘सज्-ज-ना, भक्-ति’, मग ‘ऑक्-सि’. मग ‘येईल, घेईल, क्लेइक’. मग ट्युबिंगनकरांची पायऱ्यांची उतरंड, सगळ्यांनी मिळून, टाळ्यांसह. मागच्या बाकावरची मुलंही मोठ्याने म्हणत होती. ‘डाय’ अजून अधूनमधून डोकावतो, त्यासाठी उद्या दोन्ही साखरांची आकृती शेजारी शेजारी काढून तो एक ऑक्सिजन त्यांनाच खोडायला लावणार आहे.

पण एका मुलीने विचारलं, त्याचं उत्तर मला देता आलं नाही: ‘मॅडम, मग न्यूक्लिओटाइडमध्येही जोर क्लि-वर का नाही?’

प्रकाश_मास्तर

शाबास त्या मुलीची! कारण जोर ओढून घेण्याची ताकद ‘इक’मध्ये आहे, ‘आइड’ किंवा ‘एज’मध्ये नाही. म्हणून न्यूक्लियस, न्यूक्लिओटाइड, न्यूक्लिएज या सगळ्यांत जोर पहिल्या न्यू-वरच राहतो. न्यू-क्लि-ओ-टाइड, चार सिलॅबल. रायबोन्यूक्लिएज, म्हणजे आरएनए तोडणारं विकर, त्यातही राय-बो-न्यू-क्लि-एज असे पाच, मुख्य जोर न्यू-वर. तिला सांगा, शब्दाचं शेपूट आधी बघ. ‘इक’ दिसलं तर जोर त्याच्या मागच्या घरात, नाहीतर मूळ शब्दात होता तिथे शोध. आणि पुढच्या वेळी तिलाच फळ्याजवळ बोलवा. ‘मायटोकॉन्ड्रिया’ तोडायला द्या. माय, टो, कॉन्, ड्रि, या, आणि जोर कॉन्-वर.